वस्तीचा राखणदार



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण जमलो आहोत आणि आजचा विषय आहे कुत्रा! हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल, तर त्यात नवल नाही. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळी हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, ज्या माणसाला रात्री निर्धास्त झोप लागली नाही, त्याच्या हातून ना शेती झाली, ना गुरे वाढली, ना गाव वसले. राज्ये उभी राहिली ती या गावांच्या जिवावर. मग ती निर्धास्त झोप त्याला कोणी दिली? कुलपे आणि पोलादी दरवाजे फार उशिरा आले. त्यांच्या कितीतरी आधी, अंगणात अर्धा डोळा उघडा ठेवून पडलेल्या एका प्राण्याने ती दिली. त्या प्राण्याचा इतिहास हा आपल्या वसाहतीचाच इतिहास आहे.

आपला सर्वांचा असा समज असतो की, कुत्रा हा जात्याच राखणदार आहे. बाजारातून एखादे तगडे पिल्लू आणावे, दाराशी बांधावे, चार भाकऱ्या टाकाव्यात, की झाले काम. इतिहास मात्र वेगळे सांगतो. चोराला पाहून भुंकणारा कुत्रा निसर्ग देतो. पण लांडग्यासमोर, अस्वलासमोर, बिबळ्यासमोर उभा राहणारा आणि तरीही घरच्या करडाला दात न लावणारा कुत्रा माणसाला घडवावा लागतो. ही घडवण्याची विद्या पोथीत फारशी नव्हती. ती मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातांत होती. आणि हातातली विद्या दोन पिढ्या वापरली नाही, की नाहीशी होते. ती कशी निर्माण झाली, कशी हरवली आणि ती हरवल्याची किंमत आज आपल्याच महाराष्ट्रात कोण मोजतो आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

आरंभ आपल्याच वाङ्मयापासून करू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त वास्तोष्पतीचे, म्हणजे घराच्या रक्षक देवतेचे नाव घेऊन सुरू होते आणि लगेच वळते ते घरच्या कुत्र्याकडे. त्याला सारमेय, म्हणजे सरमेचा पुत्र, म्हटले आहे. त्याच्या दातांना चमकणाऱ्या भाल्यांची उपमा दिली आहे. चोरावर धाव, रानडुकराशी झुंज, पण इंद्राची स्तुती गाणाऱ्या आम्हा भल्या माणसांना कशाला त्रास देतोस, आता झोप, असा त्याचा आशय आहे. पुढे घरातील आई, बाप, कुत्रा आणि गृहपती या सर्वांना एकाच दमात निद्रा येवो असे म्हटले आहे. या सूक्ताचा विनियोग कोणी कसाही लावो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, घरातल्या माणसांच्या यादीत कुत्र्याचे नाव गृहपतीच्या शेजारी आले आहे, आणि त्याच्याकडून अपेक्षा आहे ती विवेकाची. कोणावर धावावे आणि कोणावर धावू नये, हे त्याला कळले पाहिजे. राखणदाराची सारी परीक्षा या एका वाक्यात आली.

परंतु आपल्या जुन्या वाङ्मयात कुत्र्याचे जे कौतुक आढळते, ते बहुधा राखणीचे नसून शिकारीचे आणि शौर्याचे आहे. रामायणात भरत आजोळाहून निघतो तेव्हा केकयराज त्याला अंतःपुरात वाढवलेले, वाघाच्या बळाचे कुत्रे भेट देतो. अलेक्झांडर पंजाबात आला तेव्हा एका राजाने आपले कुत्रे सिंहावर सोडून दाखवले, अशी हकीकत ग्रीक ग्रंथकारांनी लिहून ठेवली आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि गंग राजा बुतुग यांच्या काळचा आहे. मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून राजाकडे 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी गाठ पडली आणि दोघेही एकमेकांच्या हातून मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि जो पुजारी या दगडाची पूजा न करता जेवेल त्याला कुत्रा मारल्याचे पाप लागेल, असे कोरून ठेवले. आपल्याकडे वीरांसाठी वीरगळ उभारीत. येथे त्या मानात एका कुत्र्याचाही वाटा आहे.

हे सारे वैभव खरे. परंतु शिकारी कुत्रा आणि राखणीचा कुत्रा हे दोन वेगळे धर्म आहेत, हे विसरता कामा नये. शिकारी कुत्र्याने पाठलाग करायचा असतो. राखणदाराने जागा सोडायची नसते. एकाचे काम मारणे, दुसऱ्याचे काम अडवणे. कौटिल्याला हा भेद व्यवहारातून चांगला कळला होता असे दिसते. अर्थशास्त्रात कुरणांची आणि गुरांची व्यवस्था सांगताना तो लुब्धक म्हणजे पारधी आणि श्वगणी म्हणजे कुत्र्यांचे कळप बाळगणारे लोक यांचा उल्लेख करतो. त्यांनी चोर आणि हिंस्र श्वापदे यांच्यापासून रान आधी निर्धास्त करावे आणि मगच गुराख्यांनी गुरे चारावीत. भित्र्या गुरांच्या गळ्यांत घंटा बांधाव्यात, म्हणजे श्वापदे बुजतील आणि गुरे कोठे आहेत हेही कळेल. म्हणजे रान मोकळे करण्याचे काम पारध्याच्या कुत्र्यांचे. कळपापाशी रात्रंदिवस बसून राहणाऱ्या कुत्र्याला कसे वाढवावे, हे मात्र येथे सांगितलेले नाही. त्याचे तपशील पाहायचे तर आपल्याला रोमकडे वळावे लागते, कारण तेथील जमीनदारांनी ही मेंढपाळांची विद्या लिहून ठेवली.

इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास व्हारो नावाच्या रोमन पंडिताने, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील सल्ला आजही कोणा शेतकऱ्याने कान देऊन ऐकावा असा आहे. कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून विकत घेऊ नये, असे तो बजावतो. खाटकाचा कुत्रा आळशी झालेला असतो, आणि शिकाऱ्याचा कुत्रा ससा दिसला की मेंढरे सोडून त्याच्यामागे धावतो. कुत्र्याला दुधात भिजवलेली सातूची भाकरी द्यावी. परंतु मेलेल्या मेंढीचे मांस चाखू देऊ नये. त्याची चव लागली की संयम सुटतो. आपल्याकडे कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणतात; व्हारोला भीती होती ती हीच.

गळ्यातील पट्ट्याचे वर्णनही त्याने केले आहे. जाड कातड्याचा पट्टा, त्यातून बाहेर आलेले लोखंडी खिळे, आणि खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला रुतू नयेत म्हणून आतून शिवलेले मऊ कातडे. लांडगा नेहमी मान धरतो. तेथे खिळे लागले की तो माघार घेतो. यापुढची त्याची टिप्पणी मोठी मार्मिक आहे. एकदा लांडग्याला असा दणका बसला, की ज्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नाही तेसुद्धा सुरक्षित होतात! हाच पट्टा पुढे तुर्कस्तानच्या पठारावर दिसतो आणि हिमालयातील भोटिया व गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यातही दिसतो. हिमालयात तो लांडग्यापेक्षा बिबळ्यासाठी असतो, कारण बिबळ्याही मानच धरतो.

व्हारोने सांगितलेली एक गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाँटियानस नावाच्या एका माणसाने दूर उंब्रिया प्रांतात मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनी कळप नव्या मालकाच्या कुरणापर्यंत पोहोचवायचे आणि परत फिरायचे, असा करार होता. ते परतले. काही दिवसांतच कुत्रेही दिसेनासे झाले. अनेक दिवसांची वाट, रस्त्यात मिळेल ते खात, ते उंब्रियात आपापल्या मेंढपाळांकडे जाऊन पोहोचले. सौदा कुत्र्यांचा झाला होता; त्यांच्या निष्ठेचा झाला नव्हता. राखणदार हा नुसता विकत घेण्याचा जिन्नस नाही, ते एक नाते आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वी एका जमीनदाराला असे कळून आले.

व्हारोनंतर शेदीडशे वर्षांच्या आत कोलुमेला याने याच विषयावर लिहिताना शेतघराचा कुत्रा आणि कळपाचा कुत्रा असा स्पष्ट भेद केला. कळपाचा कुत्रा पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात मेंढपाळ त्याला लांडगा समजून मारणार नाही. शेतघराचा कुत्रा काळा असावा. दिवसा चोराला तो भयंकर दिसतो आणि रात्री दिसतच नाही. तो अंगाने भारी असला तरी चालेल, त्याला दूर धावायचे नाही. त्याचा आवाज मोठा हवा. स्वभाव मात्र बेताचा हवा. फार मवाळ असला तर चोरापुढेही शेपूट हलवील. फार तापट असला तर घरच्यांनाच चावेल. आणि कुत्रे किती असावेत? व्हारोचे उत्तर असे की, शेतावरच राहणाऱ्या कळपाला दोन पुरेत, एक नर व एक मादी. जोडीने ते जागेवर टिकतात, एकाच्या आधाराने दुसऱ्याला बळ येते, आणि एक आजारी पडला तरी कळप उघडा पडत नाही.

येथवर कुत्रा कसा निवडावा आणि कसा सांभाळावा हे आले. पण त्याला कळपाचा कसा करावा? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर एका जगप्रसिद्ध माणसाने लिहून ठेवले आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असताना १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आज उरुग्वे म्हणतात त्या प्रदेशात, घोड्यावरून फिरत होता. घरापासून आणि माणसापासून कोस दोन कोस दूर, मेंढ्यांचा मोठा कळप आणि त्याच्याजवळ फक्त एकदोन कुत्रे, असे दृश्य त्याला वारंवार दिसले. ही मैत्री जडते तरी कशी, याचा त्याने शोध घेतला. पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून वेगळे करीत. दिवसातून तीनचार वेळा त्याला मेंढीला पाजीत. मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून त्याला झोपवीत. दुसऱ्या कुत्र्यांत आणि घरच्या मुलांत त्याला मिसळू देत नसत, आणि बहुधा त्याचे खच्चीकरणही करीत. असे वाढलेले कुत्रे मोठेपणी कळप सोडून जाण्याची इच्छाच करीत नसे. माणूस जवळ आला की ते पुढे होऊन भुंके आणि मेंढ्या त्याच्यामागे गोळा होत.

डार्विनने आणखी एक गंमत टिपली आहे. हे कुत्रे रोज घरी येऊन मांसाचा तुकडा घेई, आणि चोरी केल्यासारखे लाजून पळत सुटे. घरचे कुत्रे त्याच्यामागे लागत. पण एकदा का ते आपल्या कळपापाशी पोहोचले, की वळून उभे राही आणि भुंकू लागे; मग तेच घरचे कुत्रे शेपूट घालून पळत. कुत्रे तेच, दात तेच. अंगणात भित्रे असलेले जनावर कळपापाशी शूर कसे झाले? कारण तेथे त्याचे गोत होते. रानटी कुत्र्यांच्या टोळ्यासुद्धा अशा एका राखणदाराने राखलेल्या कळपावर क्वचितच चालून जात.

दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी या गावठी विद्येचा उलगडा केला. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की, त्या काळात ते ज्यांच्या सहवासात राहील त्यांना ते जन्मभर आपले मानते. माणसांत राहिले तर माणसांना, मेंढ्यांत राहिले तर मेंढ्यांना. ही खिडकी एकदा मिटली की पुन्हा नीटशी उघडत नाही. म्हणून वर्षभराचा दांडगा कुत्रा आणून गोठ्याशी बांधला तर तो भुंकेल, चावेल, पण गोठा त्याचा होणार नाही. शिवाय पिल्लू मेंढ्यांत वाढले तरी ते तयार व्हायला दीडदोन वर्षे लागतात. मधल्या काळात ते करडांशी दांडगाई करते, कान ओढते, पाठलाग करते. त्या वेळी त्याला अडवणारा, समज देणारा माणूस जवळ असावा लागतो.

दुसरी गोष्ट, असा कुत्रा जिंकतो तो लढून नव्हे. लांडग्याला किंवा बिबळ्याला शिकार करताना स्वतःला जखम होऊ देणे परवडत नाही. जखमी झालेले श्वापद उपाशी मरते. म्हणून त्याचा सारा डाव अचानकपणावर अवलंबून असतो. राखणदार तो अचानकपणाच नाहीसा करतो. तो वास घेतो, भुंकतो, श्वापद आणि कळप यांच्या मध्ये येऊन उभा राहतो. बेत फसला की श्वापद बहुधा वाट बदलते. भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण आपण निंदेने वापरतो. राखणीच्या कुत्र्याला मात्र ती पदवी शोभते. आणि या भुंकण्याचा दुसरा अर्थ असा की, कोणीतरी जागे व्हावे. कुत्रा भुंकतो तो घरातला माणूस उठून येईल या भरवशावर. हा जो न लिहिलेला करार आहे, त्याच्यावर सारी राखण उभी आहे.

आता ही विद्या हरवली कशी ते पाहू. युरोपात लांडग्यांचा संहार झाला. बंदूक, सापळे आणि विष यांच्या जोरावर फ्रान्समधून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लांडगा नाहीसा झाला. शत्रू गेला तसे राखणदारही गेले. मेंढरे डोंगरावर एकटी चरू लागली. मग १९९२ साली इटलीच्या बाजूने लांडगे फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील मर्कांतूरच्या डोंगरांत परतले. मेंढपाळांच्या हाती काहीच उरले नव्हते. इटलीतील आब्रुत्सीच्या डोंगराळ भागात लांडगा कधीच संपूर्ण नाहीसा झाला नव्हता, म्हणून तेथे पांढरे राखणदार कुत्रे आणि त्यांना वाढवणारे हात शिल्लक होते. फ्रान्सला मात्र आपल्याच आजोबांची विद्या नव्याने शिकावी लागली. आणि अडचणीही नव्या निघाल्या: हौसेने डोंगर चढणाऱ्या प्रवाशांवर कुत्रे धावून जाऊ लागले, म्हणून अशा कुत्र्यांशी कसे वागावे याच्या पाट्या लावाव्या लागल्या.

अमेरिकेत प्रसंग वेगळा आला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हिंस्र श्वापदांना विष घालण्यास बंदी केली. त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हा योगायोग ध्यानात ठेवावा. विष बंद झाल्यावर मेंढ्या राखायच्या कशा? रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर हे दांपत्य मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर महाविद्यालयात काम करीत होते. त्यांनी तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, इटली येथील मेंढपाळांकडून पिल्ले आणली, ती अमेरिकन शेतकऱ्यांच्या मेंढवाड्यांत वाढवली, आणि काय जमते, काय फसते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यांच्या मते राखणदाराचे तीन गुण: कळपाला इजा न करणे, कळपाकडे सतत लक्ष असणे, आणि संकटात आडवे येणे. क्रम लक्षात घ्या. शौर्याचा क्रमांक तिसरा आहे!

आफ्रिकेतील नामिबियात तर याच कुत्र्याने चित्त्याला जीवदान दिले. तेथे १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी हजारो चित्ते मारले किंवा पकडले, कारण चित्ता शेळ्या नेतो. लॉरी मार्कर या विदुषीने तेथे १९९० साली चित्ता संरक्षणाचे काम उभारले आणि १९९४ पासून तुर्कस्तानच्या जातीचे कुत्रे शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात केली. पिल्लू लहानपणीच शेळ्यांच्या वाड्यात जाई. चित्ता अंगाने हलका, भांडण टाळणारा. थोराड कुत्रा भुंकत पुढे आला की तो मागे फिरतो. शेळी वाचली की शेतकऱ्याला बंदूक उचलावी लागत नाही. एका कुत्र्यामुळे शेळीही वाचते आणि चित्ताही, हे जगाला तेथे पाहायला मिळाले.

आता आपण आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात ही परंपरा जिवंत ठेवली ती आपल्या धनगरांनी. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून धनगरांचे वाडे वाटेला लागतात. शेतात मेंढरे बसवून खत द्यावे, बदल्यात धान्य किंवा पैसा घ्यावा, आणि पुढच्या मुक्कामाला जावे. रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावलेली असते, आणि तिच्या बाहेर कुत्री पडलेली असतात. माळावरचा लांडगा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा. या कुत्र्यांना कोणी शाळेत घातलेले नसते. ती मेंढरांतच जन्मतात, मेंढरांतच चालायला शिकतात. डार्विनने जे पाहिले त्याचाच हा आपल्या मातीतला प्रकार आहे.

या नात्याची खूण धनगरांच्या दैवतातही उतरली आहे. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतोच. त्याचे भक्त वाघ्ये. त्यांच्या भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची असे, आणि ते देवाचे कुत्रे म्हणवीत, उत्सवात देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत. नावात वाघ आणि सेवेत कुत्रा! महाराष्ट्रातील पशुपालकांच्या दैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी ही दैवते मेंढपाळांच्या जीवनातून कशी उमलली हे दाखवले आहे. ज्या समाजाची सारी संपत्ती रात्री उघड्या माळावर बसलेली असे, त्या समाजाने राखणदाराला देवाजवळ बसवले, यात आश्चर्य ते काय?

परंतु धनगर फिरता राहिला आणि बाकीचा महाराष्ट्र बागायती झाला. धरणे झाली, कालवे आले, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात सावली, पाणी आणि आडोसा मिळतो. बिबळ्याने तेथे घर केले, तेथेच त्याची पिल्ले जन्मू लागली. शेतकरीही गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेला. म्हणजे एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला एकटे घर, आणि मध्ये काय? मध्ये साखळीने खुंट्याला बांधलेला एक कुत्रा.

या कुत्र्याचे काय होते, हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील बिबळ्यांच्या विष्ठेची तपासणी करून त्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. बिबळ्याच्या अन्नाच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण उघड आहे. शेळीला माणूस दिवसा राखतो आणि रात्री कोंडतो. कुत्र्याला मात्र तो बाहेर ठेवतो. ज्याला राखणदार म्हणून ठेवले, तोच बिबळ्याचे मुख्य अन्न झाला. आणि जेथे अन्न बांधून ठेवलेले असते तेथे बिबळ्या पुन्हा येणारच. दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा हा राखणदार नव्हे. ते नकळत दिलेले आमंत्रण आहे.

मग कुत्रा ठेवूच नये काय? तसे इतिहास सांगत नाही. तो सांगतो की, कराराची दुसरी बाजू आपण पाळावी. पिल्लू दोनेक महिन्यांचे असतानाच शेळ्यांत सोडावे. तेथेच त्याला खाऊ घालावे, तेथेच झोपवावे. पहिली दोन वर्षे त्याच्यावर नजर ठेवावी. कुत्रा एकटा नसावा, जोडी असावी. बिबळ्याच्या मुलखात रात्री कुत्र्याला साखळीवर उघड्यावर ठेवू नये. जाळीने वरून बंद केलेल्या गोठ्यात शेळ्यांबरोबरच ठेवावे. तेथून तो वास घेईल, भुंकेल, आणि सुरक्षितही राहील. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असावा. पिसाळरोगाची आणि इतर रोगांची लस टोचून घ्यावी. कारण मोकाट, रोगट कुत्री माळावरच्या लांडग्या-कोल्ह्यांना रोग देतात आणि काळविटांच्या मागे लागतात, हाही त्या नाण्याचा दुसरा छाप आहे. उरलेसुरले अन्न उकिरड्यावर टाकून मोकाट कुत्र्यांची फौज पोसणे म्हणजे बिबळ्याला पोसणे आहे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, कुत्रा भुंकला तर माणसाने उठले पाहिजे, दिवा लावला पाहिजे, आवाज दिला पाहिजे. बिबळ्यापुढे एकटा कुत्रा टिकत नाही. टिकते ती कुत्रा, गोठा आणि जागा माणूस या तिघांची जूट.

आपण शहरातली माणसे. आपल्या दाराशी बिबळ्या येत नाही, आणि आपल्या कुत्र्याला करडे राखायची नाहीत. म्हणून या विद्येशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. २०२५ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या बाजूला, बिबळ्याच्या हल्ल्यांनी लोक इतके धास्तावले की, शेतावर जाताना स्त्रियांनी व पुरुषांनी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधल्याच्या बातम्या आल्या. व्हारोने जो पट्टा कुत्र्यासाठी सांगितला, तो दोन हजार वर्षांनी माणसाच्या गळ्यात आला! राखणदाराची विद्या विसरल्याचा याहून बोलका पुरावा कोणता? आपल्या चहातली साखर ज्या उसातून येते, त्याच उसाच्या कडेला ही माणसे राहतात. त्यांच्या वस्तीला बंद गोठा मिळावा, रात्री वीज मिळावी, जनावरांचा डॉक्टर वेळेवर पोहोचावा, हे मागणे केवळ त्यांचे नाही.

महाभारताच्या आदिपर्वात एक छोटी कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नसते, त्याला तोंड लावलेले नसते; तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा राजाला जाब विचारते आणि उत्तर मिळत नाही. तेव्हा ती म्हणते, निरपराध्याला मारलेत, आता न दिसणारे भय तुमच्यावर येईल. एवढा मोठा राजा, पण त्या शापाने तो खिन्न झाला आणि पुरोहिताच्या शोधात निघाला. रात्री उसाच्या कडेने चालणाऱ्या माणसाला न दिसणारे भय म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने हजारो वर्षे आपल्यासाठी जागरण केले, त्याला आपण साखळीला बांधून आत झोपलो. तो करार पुन्हा पाळायला लागणे, हाच त्या शापावरचा उतारा आहे.